नारेवकाठचा चर

फळ्यांची वाट पायाखाली हलते.
"हळू," म्हणतात विन्सेंती आजोबा,
"खाली जमीन नाही. पाणीच आहे,
गवताचं सोंग घेतलेलं."

विशीत त्यांनीच खणला होता हा चर.
दलदल सुकवायची, बटाटे लावायचे.
सरकारी पगार, वर बुटांचा एक जोड.
बटाटे रुजले नाहीत. बगळे तेवढे गेले.

आता दर शनिवारी तोच चर बुजवतात:
ओंडके, काळा गाळ, शाळेतली चार पोरं,
आणि मी, पाहुणा,
नको तिथे पाय देणारा.

"किती राहिलाय?"
फावडं टेकवून ते लांबवर बघतात.

लव्हाळ्यांत कुणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकर मारावी
तसा एक पक्षी घुमतो.
सगळे थांबतो. पोरंसुद्धा.
पुन्हा घुमतो, जरा जवळून.

"बूट मात्र चांगले होते,"
आजोबा म्हणतात,
आणि चिखलात उतरतात.