वाहन

मणदूरच्या चौकीतून पहाटे निघालो
की दुपार कलता कलता करंजओहोळ.
ते नाव आता कागदावर नाही.
कागदावर : ग्रिड सत्तावन्न, कॅमेरे दोन.
एक अंजनीच्या बुंध्याला,
एक आमच्या गोठ्याच्या मेढीला.
मेढ ऐनाची. बापानं पुरलेली.
वाळवीनं वीस वर्षं चव घेऊन बघितली
आणि नाद सोडला.

बॅटऱ्या बदलतो. कार्ड काढतो.
सड्यावरच्या कातळात अजून थोडं पाणी,
गव्यांनी तोंड घालून गढूळ केलेलं आभाळ त्यात.
कुठंतरी शेकरू कुणावर तरी खेकसतंय,
बहुधा माझ्यावरच.
कारवी यंदा नुसतीच हिरवी.
मागं फुलली तेव्हा मी खाकीत होतो,
त्याच्या मागं फुलली तेव्हा उसाच्या फडात,
आणि त्याच्याही मागं
इथंच, वासरांच्या पाठी पळत.
कारवीनं मोजलं तर फार वय नाही माझं.

पलीकडं प्रचितगड.
शिडीच्या वर, गवतात तोफा निजल्यात.
आजा सांगायचा, कोकणातलं मीठ
बैलांच्या पाठीवरून याच अंगानं वर यायचं,
आमचं तूप खाली जायचं,
आणि गडावरनं एक जण
दिवस मावळायच्या आत वर्दी द्यायचा :
वाटेवर माणसं किती, जनावरं किती.
खरंखोटं आज्यालाच ठाऊक.
मी तेच करतो.
फक्त माझ्या वर्दीत माणसं नसली
की साहेब खूश.

गाव उठलं त्या दिवशी
वाघजाईला गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरात बसवली.
तिच्यापुढचा दगडी वाघ मात्र निघेना.
दोन पहारी वाकल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.
शेवटी बिरू कोकरे म्हणाला,
ऱ्हाऊ द्या त्याला. राखणीला कुणी नको?
तेव्हापासून वसाहतीत, पत्र्याच्या शेडात,
देवी बिनवाहनाची.
शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातात रात्रभर.
म्हाताऱ्या म्हणतात, तिचे पाय अवघडलेत.

नेत्रा मॅडमनं कार्ड लॅपटॉपात घातलं.
गवा. गवा. सांबराची मादी, पिल्लू.
अस्वलाचं नुसतं ढुंगण.
वाऱ्यानं हललेल्या फांदीची एकशेबारा चित्रं.
मग एक माणूस.
उघडा, खांद्यावर घोंगडं, उकिडवा बसलेला,
हात कशावर तरी फिरवतोय.
‘हा कोण घुसलाय, धुळूदादा? ओळखता?’
मी चहाचा कप खाली ठेवला.
म्हणालो, येडग्यांच्यातला आहे.
रजेवर होता त्या दिवशी.
तिनं माझ्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं.
‘काय लावताय त्या दगडाला?’
शेंदूर, म्हणालो. तेलातला.
दर माघात कुणीतरी लावायला पाहिजे ना.

ती काही बोलली नाही.
माणसांची चित्रं पुसायची असतात, नियमच आहे.
तिनं पुसलं.
माझ्याच अंगणातून मी गेलो, आवाज न करता.

पुढचं चित्र तीन तासांनी, रात्री बाराच्या पुढं.
ती खुर्चीतून अर्धी उठली.
वाघ. खरा.
अख्खा मावत नव्हता चौकटीत,
शेपटीचा शेंडा ग्रिड अठ्ठावन्नमध्ये असणार.
दगडाला नाक लावून उभा.
त्याच्या पुढचं : मान वर, डोळे दोन चुली.
त्याच्या पुढचं : काही नाही, गवत.

मॅडम फोन लावत होती सगळ्यांना.
मी मधलं चित्र मोठं करून बघत बसलो.
हनुवटीखाली, पांढऱ्यात,
काहीतरी लागलेलं होतं त्याला.
चिखल असेल. रक्त असेल.
रात्रीच्या चित्राला रंग नसतो.

वहीत लिहिलं : वाघ, एक.
आणि येताना वसाहतीवरून आलो,
शेडाचं दार ढकललं,
पण तिला काय सांगावं ते नीट जमेना,
म्हणून नुसताच बसलो थोडा वेळ,
ट्रॉल्या मोजत.