रिकामी नळी

कोरलविल, आयोवा. बाहेर उणे एकोणीस.
यंत्र रात्रभर अक्षरं ओवतं,
चारच, काना नाही, मात्रा नाही.
दोनशेच्या पुढे धागा अडखळतो,
मग तुकडे सांधत बसायचं.

सकाळी ओहायोहून फोन: नळी रिकामी आलीय.
लोरेटा म्हणते, रिकामी नाही हो,
तळाशी वाळून बसलंय, दिसत नाही इतकंच.
उघडण्याआधी गरगर फिरवा, मग थेंबभर पाणी.

ऑर्डरवर मुलाचं नाव नसतं.
त्याच्या रक्तात कुणीतरी ध चा मा केला
जन्माच्या आधीच,
आणि कुणी, ते विचारायला दरबार नाही.
मी नुसता ध पाठवते,
साध्या टपालाने, फुग्याफुग्यांच्या पाकिटात.

काल पत्त्यातला एक आकडा मीच चुकवला.
लोरेटाने खोडून वर लिहिला,
काही बोलली नाही.