आकडा

राजारामपुरी, सहावी गल्ली. रात्रीचे साडेनऊ.
कालची यादी आणि आजची यादी जुळत नाही.
नावं तीच, एकूण तितकीच,
फक्त रांग मोडलेली.
निंबाळकर म्हणतो, हॅश टेबल आहे बाबा,
क्रमाचं वचन त्यानं दिलंच होतं कधी?

बायाक्कानंही दिलं नव्हतं.
महाद्वाराजवळ तिचं चप्पल स्टँड, सतरा खणांचं.
डब्यात हात घालायचा, येईल तो पत्र्याचा बिल्ला,
एक गिऱ्हाइकाला, त्याचा जोड आपल्याकडं.
नंबराला सतरानं भागायची, पान चघळत,
उरेल त्या खणात जोडी.
एकोणचाळीस, म्हणजे पाच.
बावीस. पुन्हा पाच!
मग दोन्ही जोड्या एका सुतळीत:
"नांदा आता एका घरात."

नवरात्रात खण गच्च व्हायचे.
मोठी मांडणी यायची, सदतीस खणांची,
आणि रातोरात प्रत्येक जोडीचा पत्ता बदलायचा.
पाचातला एकोणचाळीस दोनात.
गिऱ्हाइकाला त्याचं काय?
नंबर सांगा, चप्पल घ्या.

एकदा शेजारतीनंतर
मी खणांवरून हात फिरवत गेलो.
तीन जोड्या उरलेल्या.
"ह्यातली पहिली कुठली आली गं?"
ती चघळायची थांबली.
"खणाला कुठलं ठावं, लेका.
त्याला जागा कळती. येळ न्हाई."

दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या प्रत्येक बिल्ल्याला
तिनं तारेचे दोन आकडे वळवले,
एक मागच्यासाठी, एक पुढच्यासाठी.
येईल तो शेपटाला अडकायचा.
मधला निघाला की त्याचे शेजारी
एकमेकांना धरायचे.
खाली खण तसेच, वेडेवाकडे.
वर खिळ्याला ती साखळी,
वाऱ्यानं किणकिणणारी,
पहाटेपासूनची पावलं ओळीनं राखून.

त्या रात्री साखळीत एकच बिल्ला उरला,
थेट खिळ्याला लागलेला. सगळ्यात पहिला.
खणातून मी जोडी काढली:
माझ्या तळहाताएवढी, लाल गोंड्याची.
"काकडआरतीची ही," बायाक्का म्हणाली,
"दिसभर पोर अनवाणी हाय."
आणि स्टूल पुढं ओढून
रस्त्याकडं बघत बसली.
फळ्या लावायचं नावच काढलं नाही.

मी दोन रकाने वाढवतो, मागचा आणि पुढचा.
यादी ओळीत उभी राहते.
निंबाळकर विचारतो, मेमरी कशानं फुगली रे?
तारेनं, म्हणतो मी.