खिळे : तीन किलो दोनशे ग्रॅम

अहवालाचा कागद आडवा धरून मी रेघा मारल्या.
लावलेली झाडं : तीनशे दहा.
जगलेली झाडं : एकेचाळीस.
मधल्या दोनशे एकोणसत्तरांसाठी
छापील नमुन्यात रकाना नाही.

कैलास म्हणाला, बाई, साठ तरी लिहा,
तहसीलचे लोक वाचतेत.
मी एकेचाळीसच लिहिले.
एकेचाळिसांना मी तोंडओळखीनं ओळखते :
जिंतूरहून येलदरीला जाताना डाव्या हाताची सात कडुलिंबं,
उर्दू शाळेमागचा बहावा, ज्याला शेळीनं दोनदा खाल्लं
आणि जो दोनदा फुटला,
स्मशानाजवळची करंजं. तिथं पाणी घालायला
लिंबाजी एकटाच जातो, रात्रपाळीवरून येताना.
म्हणतो, तिथं कुणी मधात बोलत नाही.

खिळे : तीन किलो दोनशे ग्रॅम.
क्लासेसच्या पाट्या, मूळव्याधीच्या पाट्या,
भावी नगरसेवकांचे हसरे चेहरे
खोडांच्या पाठीतून उपटले.
पक्कड मुनीरभाई पंक्चरवाल्यांची.
खिळा ओढण्याआधी ते खोडाला कान लावतात.
"टायर बोलतंय तसंच हे बी बोलतंय, बाई."
मग भोकात हळद आणि मेण,
अंगठ्यानं दाबून,
पोरीचं नाक टोचल्यावर दाबावं तसं.

पक्षीगणना : जानेवारीचा तिसरा रविवार.
धरणाच्या मागच्या पाण्यावर धुकं.
पट्टकादंब एकशे बारा की एकशे सोळा
यावर दोन थर्मास चहा संपला.
तेवढ्यात कुणीतरी शिंकलं
आणि सगळा हिशोब उडून गेला.
आकड्यापुढे मी "अंदाजे" लिहिलं आहे.

बारव : गाळ, अडतीस ट्रॉल्या.
गाळात निघाल्या बांगड्या, फुटकी पाटी,
काचा तडकलेले देव,
एका पायातली रबरी चप्पल,
निजामाच्या वेळचा एक पैसा
(तो तुळसाबाईंनी पदरानं पुसला
आणि कुणाला न विचारता परत खाली टाकला)
आणि अठराव्या पायरीखाली ओल.
नुसती ओल.
तिला झरा म्हणायचं नाही असं ठरलं आहे,
अजून तरी.

आता विषय क्रमांक सहा.
बारवेच्या उगवतीच्या भिंतीत पिंपळ आहे,
मनगटाएवढा. कावळ्यानं लावला असेल.
त्याची मुळं दगड सरकवायलीत.
काढला तर आम्ही कशाचे झाडवाले?
ठेवला तर भिंत बसणार,
आणि अडतीस ट्रॉल्या कशासाठी उपसल्या?
तीन बैठका झाल्या.
कैलासनं ॲसिडची बाटली आणली होती,
तशीच पिशवीत घालून घरी नेली.
तुळसाबाई म्हणाल्या, दगडाला काय दुखतंय?
कामून त्या लेकराच्या जिवावर उठलाव?
लिंबाजी म्हणाला, दगड किती पिढ्या गप बसलेत,
त्यांच्याकडून बी कुणीतरी बोला की.
मग कुणीच बोललं नाही.
इतिवृत्तात तिन्ही वेळेला माझंच अक्षर :
पुढील बैठकीत.

शेवटी मुनीरभाईंनी डब्यातून एक खिळा निवडला,
कडुलिंबातून काढलेला, जरासा वाकडा,
आणि भेगेत अडकवला, दोन दगडांच्या मधे.
ठोकला नाही. नुसता टेकवला.
भेग वाढली की पडेल, म्हणाले,
पडला की बसू.

तेव्हापासून रविवारी
झाडांना पाणी घालून कॅन रिकामे झाले
की कुणी ना कुणी बारवेत उतरतं.
वरून विचारायचं : हाय का?
खालून घुमत येतं : हाय.

तपासणीस साहेबांना नम्र विनंती :
डबा मोजताना एक खिळा कमी भरेल.
तो कामावर आहे.