किल्लीच्या भोकात लोकर

येर्को सहा वर्षांचा. त्याला वाटतं
वारा बोटं नेतो.
एकेक करून, करंगळीपासून.

कुणी सांगितलं? कुणीच नाही.
गोष्टीत नव्हतं, टीव्हीवर नव्हतं.
एका मंगळवारी पाव घेऊन येताना
त्याने हात खिशात घातले.
अकरा महिने झाले,
दाराबाहेर ते कुणी पाहिलेले नाहीत.

आणि आम्ही राहतो पुंता अरेनासला.
इथे झाडं कुशीवर झोपल्यासारखी वाढतात,
वाऱ्याच्या दिवसांत चौकात दोऱ्या बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
इथे वाऱ्याला घाबरायचं तर
दिवसाचे तास उरतात किती?

आधी मी समजावलं. वारा म्हणजे हवा, हवा म्हणजे काही नाही.
"काही नाही, तर मग ढकलतं कोण?"
मग मी गोदामातून मूठभर लोकर आणली,
किल्लीच्या भोकात कोंबली.
त्या रात्री तो झोपला.
दुसऱ्या रात्री खिडकीची फट. मग धुराडं. मग नळ.
मेंढ्या संपल्या असत्या, फटी संपल्या नसत्या.

एकदा मी त्याचा हात ओढून बाहेर काढला.
भर रस्त्यात. उशीर झाला होता, एवढंच कारण.
तो आवाज आठवला
की अजून माझाच तळवा भाजतो.

दवाखान्यातल्या ओयार्सूनबाईंनी फाइल मिटवून विचारलं,
"बाबांचं अर्धं बोट कुठे गेलं, येर्को?"
मी श्वास धरला. आता सापडलं, वाटलं.
"बोटीवर, कप्पीत," तो म्हणाला,
"ते खरं आहे. हे वेगळं."
आणि बाईंकडे असं बघितलं
जसं मोठी माणसं लहानांकडे बघतात.

रात्रीचं आमचं पाठांतर असायचं:
नाही ना नेणार? नाही.
नक्की? नक्की.
शपथ? शपथ.
पुन्हा सांग.
मी चाळीस वेळा सांगायची, पाठ थोपटत, प्रेमानेच.
बाई म्हणाल्या, तुमचा एकेक 'नाही'
हा तिच्या तोंडातला घास आहे.
पोराच्या नाही, भीतीच्या.
आज एकोणचाळीस द्या.

चाळिसावा 'नाही' गिळणं सोपं नव्हतं.
तो अंधारात वाट बघत होता,
मी अंधारात ओठ चावत होते,
आणि छपराचा पत्रा आमच्या दोघांवतीने
काहीतरी बडबडत होता.

मुलाला वाऱ्यावर सोडू नये म्हणतात.
बाई म्हणाल्या, सोडा,
काडेपेटीच्या काडीएवढं सोडा,
आणि शेजारी उभ्या राहा.

तर खिडकी काडीएवढी उघडली.
कोणतं बोट, हे त्याने ठरवायचं.
त्याने अंगठा निवडला.
"तो जाड आहे, उचलायला जड जाईल."
तीनपर्यंत मोजलं. मग आठ दिवस काहीच नाही.
मग पाचपर्यंत. मग त्याला ताप आला
आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.
नेल्सन बोटीवरून फोन करायचा, "कितीपर्यंत पोचला?"
आणि मागे खेकड्यांचे पिंजरे आदळल्याचा आवाज.

काल, चौकात, वारा असा
की समोरच्या म्हातारीचा कुत्रा आडवा चालत होता.
येर्कोने डावा हात काढला.
उजवा नाही.
डाव्याने दोरी धरली, डोळे घट्ट,
नाकातून पाणी, ओठ पांढरे,
मोजतोय. मी मोजत नव्हते.
मी फक्त खांद्याला खांदा,
म्हणजे माझ्या कमरेला त्याचा खांदा.
सतरा.

घरी येऊन त्याने बोटं मोजली. पाच.
पुन्हा मोजली.
मला विचारणार होता, विचारलं नाही,
पाव मागितला.

रात्री किल्लीच्या भोकात लोकर त्यानेच घातली.
राहू दे.
गुरुवारचं गुरुवारी बघू.