रेंज नव्हती तोवर

तौसिफ आला दिग्रसहून, दुपारी दीडला,
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं,
आणि शिडी इतकी लांब
की गाडीच्या आधी तीच फाटकातून आत शिरली.
पाणी प्याला. मग भिंतीवर टिचकी मारून म्हणाला,
"कशाची आहे जी?"
मातीची, म्हटलं. दीड हात.
तो हातातल्या ड्रिलकडे पाहून हसला.

खांबावरून भोवत्यांच्या गोठ्यावर,
गोठ्यावरून निंबाच्या फांदीला बांधणार,
तर मामंजी खाटेवरून ओरडले,
"तेथीसा नको बावा! वानरं झोके घेतेत.
डिशची वायर त्यायनंच तोडली."
मग निंब वगळून, पऱ्हाट्यांच्या ढिगावर शिडी रोवून
वायर आली वळचणीला.

ड्रिल आत गेलं तशी पांढरी माती सांडत राहिली,
तिच्यात कुटाराची एक काडी, पिवळीधमक,
काल मळल्यासारखी.
भोक निघालं ते नेमकं कॅलेंडरच्या अमावास्येत.

वायर सोलली तर आत केस. काचेचा.
त्याने तो स्पिरिटने पुसला,
लसीआधी सिस्टर दंड पुसते तसा,
आणि पंखा बंद करायला लावला.
मांडीवरच्या मशीनच्या चिमुकल्या पडद्यावर
दोन टोकं एकमेकांना शोधत होती.
सापडली. चटकन ठिणगी.
कुठं जोडलं ते मला नंतर दिसेना.

"याच्यातून येते काय पण?" मामंजी.
"उजेड, बाबाजी."
"मंग दिसत काऊन नाही?"
"पाहूच नका. डोळा जाईल."

फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी
पांढरं खोकं बसलं. तीन दिवे हिरवे,
एक लालच. हापिसात फोन लावायला
तौसिफला आमच्या टिनावर चढावं लागलं,
कारण त्याच्याही मोबाइलला रेंज नव्हती.

रेंज होती पाण्याच्या टाकीखाली,
तिसऱ्या खांबाला टेकून उभं राहिलं तर, दोन कांड्या.
आठ वर्षं तिथूनच बोलले मी
दारव्ह्याच्या दादाशी.
बरं आहे का, पाऊस आहे का,
आणि मग तो हळूच: "छबू, ते हक्कसोडचं...
एक दिवस ये. सहीपुरतं."
"हॅलो? हॅलो दादा? तुटतंय रे..."
म्हणत मी खांबाला वळसा घालायची.
चौथ्या पावलावर फोन आपोआप मरायचा.
खोटं नव्हतं ते.
फक्त रेंज कुठं संपते
हे माझ्या पायांना पाठ होतं.

बाबांची सव्वातीन एकर, नाल्याकाठची.
तीत माझा वाटा किती होतो
हे मी कधी कागदावर मांडलं नाही.
डोक्यात रोज मांडलं.

चौथा दिवा संध्याकाळी हिरवा झाला
आणि आठ वाजता दादा, चक्क चेहऱ्यासकट.
कानामागे कलप लागायचा राहिलेला.
"आता तर लागलं ना तुमच्याकडं?"
हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.
त्याच्या मागे भिंतीवर आईचा आरसा,
जो फुटला म्हणून मला सांगितला होता.

मी खुर्ची पुढे ओढली.
चालायला खांब नव्हता, घरात चार पावलंही नव्हती धड.
मामंजींनी बातम्यांचा आवाज कमी केला,
इतका, की मला कळावं ते ऐकताहेत.

"सही नाही करत मी, दादा."

आवाज माझाच होता. एवढा सलग
मी तो कधी ऐकला नव्हता.

"हॅलो?" दादा म्हणाला. "हॅलो छबू?
तुटतंय तुझं. काही ऐकू येत नाही."
त्याच्या डोक्यावर पंखा गरगरत होता,
न अडखळता,
आरशात वहिनीचा हात भाकरी उलटवत होता.

मी परत म्हटलं नाही. वाट पाहिली.
घाई कशाची?
अनलिमिटेड आहे, तौसिफ सांगून गेला होता.
महिनाभर.