चौथ्या घाताची वाट

तोरावेरेच्या वेधशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
माझा तारा तीन आठवडे गळत होता.
वीस-बावीस किलोमीटरचा जीव, सूर्याहून जड.
त्याच्या चुंबकी रेषांवरून घसरणारा वायू
ध्रुवाशी पोचायच्या आतच
पाझरायचा शेजारच्या रेषेत.
आकाशात असं होत नाही.
माझ्या चौकोनी जाळीत होत होतं.

फेब्रुवारीत कल्लास्तेला गेले. पेइप्सी सरोवर गोठलेलं.
एका भोकातून लांब काठी बर्फाखाली सरकवायची,
काठीमागे दोर, दोरामागे जाळं,
आणि पन्नास पावलांवर दुसऱ्या भोकात हात घालून
सगळं वर ओढायचं.
मधलं कुणाला दिसत नाही.
तेरेंती म्हणत होता, भोक गोलच हवं.
बाबांनी दाढीतला बर्फ झटकला:
"मी चौकोनी पाडलं म्हणून
पाणी चौकोनी झालं का रे?"
माझ्याशी बोलत नव्हते ते.

रात्री भट्टीजवळ, वाळत्या कांद्यांच्या वेणीखाली,
मी जाळीच वाकवली.
एक अंक सांगतो, कोणत्या रेषेवर आहेस.
दुसरा, त्या रेषेवर कुठवर आलीस.
तिसरा नुसता भोवती फिरतो.
ताऱ्यापाशी घरं मोहरीएवढी,
दूर गेलं की शेताएवढी.
खरा तारा इतका सरळ नसतो, ठाऊक आहे मला.
तरी गळती थांबली.

फक्त एक आहे.
जुन्या पत्त्यावरून या पत्त्यावर येणं सोपं:
एखादा वर्ग, एखादा भागाकार, झालं.
उलट जायचं तर
चौथ्या घाताचं समीकरण सोडवावं लागतं.
चार उत्तरं निघतात. दोन संमिश्र, एक उणं,
उरलेलं एकच घराशी नेतं.

अठराव्या वर्षी मी सकाळच्या बसने तार्तूला गेले.
तासाभराची वाट.
आईच्या शेवटच्या हिवाळ्यात
तीच वाट मला सुटली नाही.
आकडेमोड करत बसले,
आणि पोचले तेव्हा अंगणातला बर्फ
पुष्कळ पायांनी तुडवलेला होता.

सकाळी बाबांनी विचारलं, "थांबला का गळायचा?"
"थांबला."
"मग तिकडच्या भोकाशी जा."

गेले. बाही कोपरापर्यंत वर केली, हात पाण्यात घातला.
पन्नास पावलांवर ते, पाठमोरे, काठी ढकलताना.
बोटं बधिर होत चालली आहेत.
दोर अजून लागत नाही हाताला.